मेंबरसाहेबांचा विरोध

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. कतारमधल्या दुखानच्या कॅम्पात खोलीत रेती यायची तसे ते येतात. दार बंद, खिडकी बंद, फटीला ओलं फडकं, तरी सकाळी उशीवर रेती असायचीच! मी तिथे तेल कंपनीच्या स्टोअर्समध्ये टायपिस्ट होतो, पन्नासचं दशक संपता संपता गेलो आणि साठच्या दशकात बरीच वर्षं काढली. येताना आणलेली घड्याळं बंद पडली, टेरिलीनचे शर्ट फाटले. किस्से तेवढे शिल्लक आहेत.

माझा नातू आता कतारमध्येच, मुऐदरला राहतो. फोनवर मी त्याला मराठीत किस्सा सांगतो आणि तो इंग्रजीत हसतो. "ग्रँडपा, देअर वॉज नथिंग इन दुखान!" म्हणतो. त्याचं काही चुकत नाही. तिथे बायको नव्हती, मुलं नव्हती, सावलीला झाड नव्हतं. म्हणून तर समोर येईल तो माणूस आम्हाला एवढा मोठा वाटायचा.

त्यात मेंबरसाहेब तर होतेच सहा फूट.

*

मेंबरसाहेब अमेरिकन. तिकडे आपल्या लोकसभेसारखी जी सभा असते, तिचे माजी सभासद. जुन्या वळणाचा पक्का माणूस. सरकारने कर कमी घ्यावा, खर्च त्याहून कमी करावा आणि उरलेल्या वेळात गप्प बसावं, हे त्यांचं राजकारण! दोनदा निवडून आले, तिसऱ्यांदा पडले. पडलेल्या माणसाचं करायचं काय, म्हणून मेव्हण्याने त्यांना आपल्या फर्मचा एजंट करून दुखानला धाडलं. फर्म विहिरी खोदायचं सामान विकायची. साहेबांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

कॅम्पात इंग्रज साहेबांचा क्लब वेगळा आणि आमची मेस वेगळी. क्लबात एअरकंडिशन, बार, सिनेमा. आम्हाला आत मज्जाव. मेंबरसाहेबांना मज्जाव नव्हता, पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी बारमध्ये उभं राहून करांवर भाषण ठोकलं. दुसऱ्या आठवड्यापासून ते आत शिरले की सगळ्या इंग्रजांना एकदम बिलियर्ड्स आठवायचं.

एका शुक्रवारी नमाजानंतर आमचा बावर्ची इब्राहिम सुरमई तळत होता. वासाच्या मागावर साहेब थेट मेसच्या दारात! आम्ही ताडकन उभे राहिलो. साहेब मेसमध्ये आला म्हणजे कुणाची तरी तक्रार आली, एवढंच आम्हाला ठाऊक. साहेबांनी एका टोकापासून हात मिळवायला सुरुवात केली आणि प्रत्येकाला म्हणाले, "तुमच्या पाठिंब्याची अपेक्षा आहे."

सवय! माणूस निवडणूक हरून अर्धं जग ओलांडून आला, पण हाताला अजून खबर नव्हती.

आमच्यात सगळ्यांत वडील हुसेनभाई. गुहागरकडचे, पंपांवर फिटर. दिवसाला चार वाक्यं बोलले तर पुष्कळ. त्यांनी साहेबांचा हात सोडलाच नाही, तसाच धरून त्यांना सतरंजीपर्यंत आणलं आणि म्हणाले, "पयलं जेवा. पाठिंब्याचं मंग बगू."

साहेबांना शब्द कळले नाहीत, पण ते बसले. त्यानंतर दर शुक्रवारी बसतच गेले, आणि इकडचं मराठी तिकडे, तिकडचं इंग्रजी इकडे मी पोचवायचो.

*

आम्ही कोकणी मुसलमान. एका मोठ्या थाळ्यात चौघं जेवतो. मध्ये भाताचा ढीग, वर मासा, आणि ज्याने त्याने आपल्या बाजूने खायचं. साहेबांना हे समजावलं. त्यांनी मान हलवली आणि बोटाने भातावर सरळ रेघ ओढली!

"ही माझी हद्द. खासगी मालमत्ता ही सुसंस्कृत समाजाची पहिली पायरी आहे."

आता आमच्यात पाहुण्याकडे चांगला तुकडा सरकवायची रीत. हुसेनभाईंनी सुरमईचा मधला तुकडा रेघेपलीकडे ढकलला. साहेबांनी तो परत ढकलला. हुसेनभाईंनी पुन्हा ढकलला. साहेब गंभीर होऊन म्हणाले, "ही परदेशी मदत झाली. परदेशी मदतीला माझा विरोध आहे. सभागृहात मी कायम विरोधात मत दिलंय."

म्हणाले आणि तुकडा खाल्ला.

मग त्यांचं त्यांनाच काय वाटलं कोण जाणे, हात थांबवून म्हणाले, "एक सांगायला हवं. तुमच्या देशाला गहू पाठवायचा प्रश्न आला होता. मी त्यालाही विरोध केला होता." मान खाली घातली. आता हे लोक आपल्याला उठवणार, अशी त्यांची तयारी दिसत होती.

हुसेनभाईंनी शांतपणे काटा काढला आणि म्हणाले, "बरं केलंत साहेब. आमच्याकडं भातच लागतो. गहू पचत नाय."

*

जेवणानंतर मेसची मीटिंग व्हायची. डाळ पातळ का, पंखा कुणाच्या बाजूला, असले विषय. आमची मीटिंग म्हणजे सगळ्यांनी एकदम बोलायचं आणि थकल्यावर उठायचं. साहेबांनी तिला शिस्त लावली. एका वेळी एकाने बोलायचं, ठराव मांडायचा, हात वर करायचे. आणि त्यांच्या सभागृहात म्हणे एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत, 'अमक्या ठिकाणचे सद्गृहस्थ' म्हणतात! झालं. हुसेनभाई 'गुहागरचे सद्गृहस्थ', टाइम ऑफिसातला दाऊद 'खेडचे सद्गृहस्थ', मी 'राजापूरचा'. इब्राहिम श्रीवर्धनचा. त्याला वर्षानुवर्षं सगळ्यांनी नुसतं "ए, पाणी!" म्हणूनच हाक मारलेली. "श्रीवर्धनच्या सद्गृहस्थांना विनंती, मीठ आणावं," असं ऐकल्यावर तो मीठ आणायचंच विसरला आणि हसत उभा राहिला.

तेव्हा थट्टा वाटायची. आता वाटतं, तो उजाड मुलूख, आम्ही एकेका खाटेचे मालक, आणि आठवड्यातून एकदा कुणीतरी आपल्या गावाचं नाव घेऊन आपल्याला बोलवायचं. त्या हाकेसाठी मी शुक्रवारची वाट पाहायचो.

साहेबांना मात्र एक खोड. कुठलाही ठराव येवो, सगळे हात वर गेले की ते म्हणायचे, "माझा विरोध." दुसरा पंखा? विरोध. फ्रिज? कडाडून विरोध! रेडिओला नवीन बॅटरी? विरोध, आणि वर खर्चावर भाषण. ठराव पास व्हायचा तो व्हायचाच. फ्रिज आला, त्यातलं पहिलं गार पाणी साहेबांनीच प्यायलं.

दाऊद तोंडाचा फटकळ. त्याने विचारलं, "साहेब, हरणार हे ठाऊक असताना विरोध कशाला?"

"जिथे सगळेच हो म्हणतात, तिथे एकाने तरी नाही म्हणायला हवं," साहेब म्हणाले. "आणि जो नाही म्हणेल, त्याने स्वतःच्या फायद्यासाठी म्हणू नये."

हे वाक्य हुसेनभाईंनी माझ्याकडून दोनदा समजावून घेतलं. मला तेव्हा त्याचं कारण कळलं नाही.

*

मेस सेक्रेटरी व्हायला कुणीच तयार नसायचं. बाजार आणा, शिव्या खा! त्यामुळे आमचा एक नियमच होता. मीटिंगला जो हजर नसेल, किंवा लवकरच सुट्टीवर जाणार असेल, त्याला निवडायचं. हजर नसलेला विरोध करायला नसतो, आणि निघालेला गावच्या आनंदात कशालाही हो म्हणतो!

साहेबांना हा लोकशाहीचा खून वाटला. "उमेदवार हवा! प्रचार हवा!" दाऊदला त्यांनी उभं केलं आणि शिकवणी सुरू केली. रोज सकाळी प्रत्येकाला भेट, हात मिळव, डोळ्यांत बघ, घरच्यांची चौकशी कर, लहान मुलं दिसली तर उचलून घे. दाऊद म्हणाला, "साहेब, कॅम्पात लहान मूल कुठून आणू?" साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "बरं, मुलांचं राहू दे," म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून दाऊद खोलीखोलीत. हात मिळवतोय, डोळ्यांत बघतोय, "घरी सगळे बरे ना? अम्मीची तब्येत?" विचारतोय.

आता आखातातल्या माणसाला विचारा, असं कोण करतं? जो गावी निघालाय तोच! निघायच्या आधी तो सगळ्यांना भेटतो, घरचं विचारतो, म्हणजे ज्याला काही पाठवायचं असेल त्याने द्यावं. कॅम्पभर बातमी पसरली, दाऊद सुट्टीवर चाललाय! संध्याकाळपर्यंत त्याच्या खोलीत पार्सलं. खजूर, साबण, लेकीसाठी फ्रॉक, बापासाठी बॅटरी. खाटेवर बसायला जागा नाही. बिचारा सांगून दमला की मी कुठे जात नाहीये. "अरे, लपवतोस कशाला? ओझं जास्त होईल म्हणून?"

निवडणुकीत मात्र दाऊद एकमताने निवडून आला. सुट्टीवर जाणारा माणूस, दुसऱ्या कुणाला निवडणार? साहेब खूश! "काय प्रचार केला पोराने!"

पार्सलं परत करायला मी दाऊदबरोबर फिरलो. फ्रॉकवाला फ्रॉक परत घेईना. "राहू दे तुझ्याकडे, कधीतरी जाशीलच," म्हणाला. त्याची लेक तो फ्रॉक मिळेपर्यंत मोठी होणार होती, हे त्यालाही कळत होतं आणि आम्हालाही. सगळ्या कॅम्पात पार्सल दिलं नव्हतं ते फक्त हुसेनभाईंनी. ते का, ते पुढे येईल.

*

एक किस्सा सांगताना मला अजून राग येतो, तरी सांगतो. मेंबरसाहेबांना मी देव करणार नाही.

दाऊदने कुठल्याशा जुन्या मासिकात वाचलं, की अमेरिकेत काळ्या लोकांच्या हक्कांचं बिल आलं होतं. जेवताना विचारलं, "साहेब, त्यालाही विरोध?"

"हो."

"का?"

साहेबांनी लांबलचक समजावलं. राज्यांचा अधिकार, मालकाचा अधिकार, हॉटेल ज्याचं त्याने ठरवावं, आत कुणाला घ्यायचं ते. दाऊद म्हणाला, "म्हणजे इथल्या क्लबासारखं." साहेब म्हणाले, "अगदी तसंच. क्लब खासगी आहे." आणि हे आमच्या सतरंजीवर, आमच्या थाळ्यात हात घालून! मी हातातला घास परत थाळ्यात ठेवला.

तेव्हा हुसेनभाईंनी विचारलं, "साहेब, मी तुमच्या गावी आलो तर हॉटेलात जेवू शकेन?"

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. हुसेनभाई रंगाने चांगले काळेभोर.

"तुम्ही माझ्या घरी जेवाल," साहेब म्हणाले. "माझी बायको स्वतः वाढेल."

"घरी नाय साहेब. हॉटेलात."

साहेबांनी त्या दिवशी अर्धं जेवण टाकलं. पुढच्या शुक्रवारी ते आले, पण दारातच उभे राहिले. आम्ही कुणी या म्हणेना. मी तर मुद्दाम थाळ्याकडे बघत बसलो. शेवटी हुसेनभाईच उठले आणि त्यांचा हात धरून आत घेऊन आले. मी नंतर त्यांना झापलं, की अशा माणसाला कशाला बोलवायचं? हुसेनभाई म्हणाले, "तो उपाशी व्हता रे."

*

हुसेनभाईंची बायको गेली ती दाऊदच्या निवडणुकीच्या आदल्या उन्हाळ्यात. तार दोह्याला आली, तिथून कंपनीच्या गाडीने दुखानला. हातात पडली तेव्हा गावी दफन होऊन गेलं होतं. जाऊन करणार काय? हुसेनभाईंनी तार घडी घालून खिशात ठेवली आणि पंपावर गेले. फोरमनने त्यांना परत पाठवलं.

सगळी मेस त्यांच्या खोलीत जमली. कुणी कुराण वाचत होतं, कुणी नुसतं बसलेलं. मेंबरसाहेब आले. दारात मला हळूच विचारलं, "काय बोलायचं असतं?" मी म्हटलं, "काही नाही, बसायचं." "किती वेळ?" मी म्हटलं, "वाटेल तेवढा."

साहेब हुसेनभाईंच्या शेजारी जमिनीवर बसले. लांब पाय, त्यांना मांडी घालता येत नसे. भिंतीला टेकून बसले. लोक आले, गेले. चहा झाला. ज्या माणसाच्या तोंडापुढे भल्याभल्यांनी हात टेकले होते, तो एक शब्द बोलला नाही. तिसऱ्या प्रहरी असरची अजान झाली तेव्हा आम्ही उठलो, तरी ते तिथेच.

दुसऱ्या दिवशी हुसेनभाई मला म्हणाले, "काल मेंबरसाहेबांचं भाषण लय आवडलं."

त्यानंतर हुसेनभाई गावी गेलेच नाहीत. सुट्टी साठत गेली, ते जाईनात. मी एकदा जोर केला तर म्हणाले, "ती दर पत्रात लिवायची, यंदा या. मी म्हनायचो, यंदा नको, फुडल्या साली. आता यंदा कुनाकडं जाऊ?" पार्सल पाठवायलाही त्यांना कुणी उरलं नव्हतं.

*

साहेबांच्या खोलीत खिळ्याला एक काळा सूट टांगलेला असायचा. त्या उकाड्यात सूट! पण दर दोन वर्षांनी तिकडे निवडणूक असते, आणि पक्षाने बोलावलं तर लगेच निघता यावं म्हणून तो इस्त्री करून तयार. रेती बसू नये म्हणून त्यावर चादर.

एका शुक्रवारी ते आले आणि हसत म्हणाले, "पक्षाने दुसरा माणूस उभा केलाय. तरुण आहे. धंदा विचारा काय? फ्रिज विकतो!" आणि स्वतःच टाळी वाजवली. "आणि मी इथे फ्रिजला विरोध करत होतो!"

आम्ही हसलो. मग हसणं थांबलं.

साहेबच बोलायला लागले. बायको घरी एकटी. पायरीवर घसरून तिचा उजवा हात मोडला होता, जोडला, पण हातात जोर उरला नाही. "लिहिते, सगळं ठीक आहे, फक्त बरण्यांची झाकणं उघडत नाहीत. मुरांब्याच्या बरणीसाठी शेजाऱ्याला हाक मारावी लागते." आणि परत या, म्हणते. दर पत्रात म्हणते.

"मग जा ना!" दाऊद म्हणाला.

"कुठल्या तोंडाने?" साहेब म्हणाले. "छोटं गाव आहे. न्हाव्यापासून पाद्रीपर्यंत सगळ्यांकडे मी मत मागितलंय. ते मला रस्त्यात बघतील आणि त्यांना आठवेल, ह्याला आपण पाडलं. इथे निदान तुम्ही मला पाडलेलं नाही."

हुसेनभाई ऐकत होते. त्यांनी मध्येच विचारलं, "कुटला हात म्हनालात? उजवा?"

"उजवा," साहेब म्हणाले.

*

आणि हा शेवटचा.

मेव्हण्याने विचारणा केली होती. आणखी दोन वर्षं दुखानला राहायचं की परत यायचं, एकदाचं कळवा. साहेबांनी तो प्रश्न मेसच्या मीटिंगमध्ये आणला! म्हणाले, "माझ्या आयुष्याचा निकाल कायम मतदानानेच लागलाय. हाही लागू दे. सद्गृहस्थहो, जे ठरवाल ते मी मेव्हण्याला कळवीन. खलास."

आम्हाला वाटलं थट्टा. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर थट्टा नव्हती.

दाऊदने ठराव मांडला, मेंबरसाहेबांनी दुखानलाच राहावं. माझा हात सगळ्यांत आधी वर गेला. खोटं कशाला सांगू, त्यांच्या बायकोचा विचार माझ्या मनात आला नाही. शुक्रवार रिकामा होईल एवढंच मला दिसलं. दाऊदचा हात वर, पलीकडच्या थाळ्यांवरचे सगळे हात वर. इब्राहिम स्वयंपाकघरातून धावत आला आणि पळीसकट हात वर केला.

आता फक्त साहेबांचं "माझा विरोध" यायचं बाकी होतं. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघून तयारच होतो हसायला.

साहेबांनी आमच्या हातांकडे पाहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकेक हात पाहिला. मग त्यांनी हळूहळू स्वतःचा हात वर केला.

मेसच्या सबंध आयुष्यात मेंबरसाहेबांचं ते पहिलं 'हो'. दाऊद ओरडला, "एकमताने मंजूर!" इब्राहिमने पळी थाळ्यावर वाजवली.

"थांबा," कुणीतरी म्हणालं.

भिंतीपाशी हुसेनभाई बसले होते. दोन्ही हात मांडीवर. आयुष्यात त्यांनी कधी कुणाच्या विरोधात हात वर केला नव्हता, डाळ पातळ असली तरी केला नव्हता.

"माझा विरोध," हुसेनभाई म्हणाले.

दाऊद म्हणाला, "हुसेनभाई, तुम्ही? तुमचा तर साहेबांवर जीव..."

हुसेनभाईंनी त्याच्याकडे बघितलंच नाही. ते साहेबांकडे बघत होते.

"बाईंच्या बरन्या कोन उघडनार?"

साहेबांनी हात काही वेळ तसाच वर ठेवला. मग म्हणाले, "गुहागरच्या सद्गृहस्थांचं म्हणणं मान्य," आणि हात खाली घेतला.